अडलेला हाँटर

पोकेमॉनच्या पहिल्या खेळात चार प्राणी असे आहेत की त्यांना कितीही लढवा, ते एका टप्प्यावर येऊन अडून बसतात. कडाब्रा, मचोक, ग्रॅव्हलर आणि हाँटर. पुढचं रूप हवं असेल तर उपाय एकच, दुसऱ्या खेळाडूला देऊन टाकायचे. तार जोडायची, आपला प्राणी त्याच्या यंत्रात पाठवायचा, आणि तिथं पोचल्याबरोबर तो मोठा होतो. तोही त्याच्या पडद्यावर. वाढवला आपण, आणि त्याचं मोठेपण बघायला शेजाऱ्याच्या खांद्यावरून डोकवायचं.

ही अट घालणारा सातोशी ताजिरी नावाचा जपानी गृहस्थ. १९६५ सालचा जन्म, तोक्योजवळच्या माचिदा गावात वाढला. लहानपणी भातखाचरांतून आणि डबक्यांतून किडे गोळा करायचा, इतके की सोबत्यांनी त्याचं नाव डॉक्टर किडा ठेवलं. मग तोक्यो पसरत पसरत माचिदात आलं, डबकी बुजली, किडे गेले. पोरगा व्हिडिओ गेमकडे वळला आणि पुढं गेम बनवू लागला. निन्तेन्दोचं गेमबॉय १९८९ साली आलं. दोन गेमबॉय तारेनं जोडता येतात हे बघून त्याला त्या तारेतून इकडून तिकडे सरपटत जाणारे किडे दिसले. इतरांना त्या तारेत समोरच्याला हरवायची सोय दिसत होती. किडे दिसायला माणूस माचिदाचाच लागतो. खेळ पुरा व्हायला सहा वर्षं लागली आणि २७ फेब्रुवारी १९९६ ला तो जपानात विकायला आला.

तोही अर्धा अर्धा. एक लाल, एक हिरवा. एकान्स हा साप लालमध्ये मिळतो, हिरव्यात नाही. सँडश्रू हिरव्यात मिळतो, लालमध्ये नाही. म्हणजे एकट्यानं कितीही घाम गाळला तरी पकडलेल्या प्राण्यांची वही पुरी भरणार नाही. ही युक्ती मारिओवाल्या शिगेरू मियामोतोच्या सल्ल्यातून आली असं सांगतात. एकच वस्तू दोनदा विकायची ही दुकानदारी झाली हे खरं. पण अशी दुकानदारी की गिऱ्हाइकाला शेजाऱ्याशी गोड बोलावंच लागावं, ही मी दुसरी पाहिली नाही.

हे सगळं मला कळायचं कारण माझा भाचा. तो शिकायला आमच्याकडे नागऱ्याला असतो. नागरा गोंदियाच्या जवळच. जुनं दगडी महादेवाचं देऊळ, महाशिवरात्रीची जत्रा आणि चहूकडे धान. माझ्या पिढीला हातातला व्हिडिओ गेम माहीत झाला तो जत्रेतल्या दुकानात. वरून विटा पडतात, खाली रचायच्या. डब्यावर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असायचं आणि त्यातल्या ९९९० खेळांत विटाच पडायच्या. गेमबॉय आम्ही डोळ्यांनी पाहिला नाही. पिकाचू आम्हाला भेटला २००३ नंतर कार्टून नेटवर्कवर, हिंदी बोलत. आज भाच्याच्या फोनात गेमबॉयचं सोंग घेणारं एक ॲप आहे आणि त्यात २००४ सालचा ‘फायररेड’, म्हणजे त्या लालचीच नवी आवृत्ती. फोनात तो कुठून आला हे मी विचारलं नाही. मामानं सगळं विचारायचं नसतं.

माझ्या आईनं मात्र सगळं विचारलं. खेळातलं दहा-अकरा वर्षांचं पोरगं एकटं घर सोडून निघतं, ते जेवते कुठं? जखमी जनावर दवाखान्यात नेलं की लगेच बरं होतं, पैसे घेत नाहीत, आणि परिचारिका चोवीस तास हजर. हा दवाखाना कोणत्या तालुक्यात आहे? रस्त्यात अनोळखी माणसाशी नजरानजर झाली की कुस्ती लागते आणि हरणारा पैसे देऊन जातो, हे मात्र तिला पटलं नाही. नागऱ्यात नजरानजर झाली की ‘कुठं चालला?’ एवढंच निघतं, आणि त्याचं उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही. वाट अडवून झोपलेला स्नॉरलॅक्स पाहून ती म्हणाली, “नुसता झोपतेच ना? मंग पोसता कायले?”

तर भाच्याचा हाँटर अडला. गोल डोक्याचं, हात धडापासून सुटलेलं एक जांभळं भूत. “मामाजी, याले कोणाले तरी द्या लागते. एकट्यानं मोठा होतच नाही.” गावातली बाकी पोरं बंदुकीच्या खेळात गुंतलेली. तिथं कोणी कोणाला काही देत नाही, फार तर गोळी देतात. वर्गात विचारून झालं, मोबाइल रिचार्जच्या दुकानातल्या पोराला विचारून झालं. हाँटर तसाच. कुठंच जमत नसलेल्या उपवर मुलासारखी त्याची घरात रोज चौकशी व्हायला लागली. आईसुद्धा संध्याकाळी विचारायची, “त्याचं काही झालं का?”

मला मात्र ती अट मुळीच चमत्कारिक वाटली नाही. आमच्याकडे धान पेरून सोडून देत नाहीत. एका कोपऱ्यात पऱ्हे टाकतात, ते वीतभर झाले की उपटून, जुड्या बांधून, दुसऱ्या बांधीतल्या चिखलात रोवतात. जागच्या जागी राहिलेला पऱ्हा गर्दी करून पिवळा पडतो. आणि रोवणीला सगळ्या शेतांत एकदमच हात लागतात, तेव्हा तुझ्या बांधीत मी, माझ्या बांधीत तू. ताजिरीही भातखाचरांतलाच पोरगा. त्याच्या डोक्यात हे होतंच असं मी म्हणणार नाही, पण नव्हतं असंही कोणी म्हणू नये.

वह्या भरायचा नाद तर आमच्या जिल्ह्याला जुनाच आहे. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वन अधिकारी होते. त्यांनी पक्ष्यांची, झाडांची, जनावरांची नावं गोळा केली, आणि ती काही एकट्यानं दुर्बीण लावून नव्हे. नवेगावचे माधवराव पाटील, तळ्यावरचे ढिवर, रानातले गोंड, ज्याच्याकडे जे नाव होतं ते त्यानं दिलं, तेव्हा पक्षीकोश झाला. पोकेमॉनच्या वहीत आता हजाराच्या वर नावं आहेत, तीही अशीच, कोणाच्या तरी हातून आल्याशिवाय भरत नाहीत. आमचा दुर्मिळ प्राणी म्हणजे सारस. राज्यात तो बघायचा तर गोंदियाकडेच यावं लागतं. धानाच्या बांधीत घरटं करतो, जोडीनं फिरतो, दरवर्षी त्याची मोजणी होते. मोजायचा, नाव घालायचं, आणि सोडून द्यायचा. पोकेमॉनसारखी चेंडू फेकून पकडायची सोय नाही, हे सारसाच्या दृष्टीनं बरंच आहे.

शेवटी हाँटरसाठी पाहुणा म्हणून मीच उभा राहिलो. माझ्या फोनात ते ॲप, तोच खेळ. वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम. पण खेळाची कागदपत्रं सरकारी. आधी प्राध्यापकाकडून एक प्राणी घ्या, मग त्याचं पार्सल शेजारच्या गावातून आणून द्या, मग वही मिळेल, आणि अदलाबदलीला उभं राहायचं तर जवळ किमान दोन प्राणी हवेत. एवढं होईतो माझा बुल्बासॉर मला आवडायला लागला होता आणि गवतातला एक पिजी पक्षीही हाताशी आला होता. भाचा रोज रात्री प्रगती विचारायचा. गृहपाठाची चौकशी आमच्या घरात उलट्या दिशेनं चालू होती.

दोन फोन ब्लूटूथनं जोडले. पोकेमॉन सेंटरच्या वरच्या मजल्यावर एका टेबलाशी आमची दोन बुटकी माणसं समोरासमोर बसली. मी पिजी दिला, त्यानं हाँटर. माझ्या पडद्यावर तो एकदा चमकला आणि गुबगुबीत, दात काढून हसणारा गेंगार झाला. भाचा आणि त्याची आजी दोघं माझ्या खांद्यावरून बघत होते. लोभ सुटला म्हणून मी त्याला एकदा लढायला उतरवला. दुसऱ्याकडून आलेला मोठा प्राणी, आणि आपल्याकडे लढती जिंकून मिळणारे बिल्ले नाहीत, तर तो ऐकत नाही. मी सांगितलं लढ, तर तो झोपी गेला. “तुमचं नाही ऐकत तो,” भाचा समाधानानं म्हणाला आणि त्यानं गेंगार परत मागितला.

बदल्यात त्यानं मला मॅजिकार्प दिला. हा मासा जगातला सर्वांत निरुपयोगी प्राणी, त्याला सुरुवातीला पाण्याबाहेर उड्या मारण्यापलीकडे काही येत नाही आणि त्या उडीनं समोरच्याचं काडीइतकंही बिघडत नाही. पण विसाव्या पायरीवर तो एकदम ग्याराडॉस होतो, गाव उठवणारा. तोवर त्याला लढाईत नुसतं पुढं करायचं आणि लगेच माघारी घेऊन दुसऱ्याला उतरवायचं. न लढता त्याच्या नावावर अनुभव जमा होतो.

एक नियम भाच्यानं मला मागाहून सांगितला. दुसऱ्याकडून आलेल्या प्राण्याला अनुभव दीडपट मिळतो. जन्माच्या घरापेक्षा तो इथं लवकर वाढतो. आई म्हणाली, मामाच्या घरी तसंच असते, त्यात काय नवल. आमचा मॅजिकार्प सध्या तेराव्या पायरीवर आहे. दहाच्या पुढं गेला तसं त्यानंही ऐकणं सोडलं, पण ऐकत होता तेव्हाही उड्याच मारत होता, त्यामुळं कामात काही फरक पडलेला नाही.