साडेबारा मुलांची शाळा

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा हिशेब मांडला. शाळा १४,७८३, मुलं १,८५,४६७, शिक्षक २९,७०७. भागाकार केला की शाळेमागे साडेबारा मुलं येतात. त्यातलं अर्धं मूल बहुधा ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं असावं. ३० सप्टेंबरच्या पटावर हजर आणि दिवाळीनंतर कारखान्याच्या तळावर. आकडा हाती येताच विभागानं समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एकच मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले, पानशेत आणि तोरणमाळचे नमुने पुढे ठेवले आणि 'शाळा बंद' म्हणू नका, अशी समजूतही काढली. बरोबरच आहे. बंद पडतात त्या गिरण्या, शाळांचं समायोजन होतं.

इतकी गुणी कल्पना शाळांपुरतीच ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे. मतदान केंद्रांनाही तिचा लाभ मिळावा. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. त्यापायी गीरच्या जंगलात बाणेजला एका मतदारासाठी केंद्र थाटलं गेलं, अरुणाचलात मालोगामच्या एकट्या मतदार बाईंसाठी कर्मचारी यंत्र घेऊन डोंगर चढले. पट एक! तरी दरडोई खर्चाचा कागद कुणी पुढे सरकवला नाही. एकट्यानं मत दिल्यामुळे मतदाराचं सामाजिकीकरण खुंटतं, असंही कुठल्या तज्ज्ञाला वाटलं नाही. उलट फोटो छापून आले आणि आपण सगळे गहिवरलो. गहिवरायलाच हवं होतं, कारण हक्क डोकी मोजून द्यायचा नसतो. आता शिक्षणाचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, आणि राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत सांगितली आहे. त्याच नियमात वीस मुलांची अट आहे, हे कुणी दाखवून देईल. आहे, पण ती शाळा उभारण्यासाठी आहे, उभी असलेली मोडण्यासाठी नाही. मतदार पाच वर्षांत दोन-चारदा केंद्राची पायरी चढतो, पोर वर्षातले दोनशे दिवस शाळेची चढतं. तरी त्याची सोय आधी कापली जाते, कारण सहा वर्षांच्या पोराला मतदार व्हायला अजून बारा वर्षं आहेत. एवढा वेळ कोणतंही सरकार थांबत नाही.

समूह शाळेच्या बाजूनं बोलणारे सगळेच दुष्ट नसतात. चौथीत एकच मुलगी असेल तर तिनं खो-खो कुणाशी खेळायचा, एका खोलीत एकाच गुरुजींनी चार इयत्ता कशा हाकायच्या, हे त्यांचे प्रश्न खरे आहेत. ते कुणी हसण्यावारी नेऊ नयेत. पण साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, असं कायदा म्हणतो. त्यातले एक गुरुजी मतदारयादी घेऊन दारोदार फिरतात आणि दुसरे खिचडीच्या तांदळाची नोंद ऑनलाइन चढवायला रेंज शोधत टेकाडावर जातात, हा दोष काही पटाचा नव्हे. खेळाचा शिक्षक, पुस्तकांची पेटी, प्रयोगाचं सामान आठवड्यातून एकदा वाडीवर नेता येतं. मोठ्या शाळेनं भोवतालच्या धाकट्या शाळांना हात द्यावा, हे कोठारी आयोगानं १९६६ मध्येच सांगितलं होतं. आपण हात देण्याऐवजी धाकट्यांना कडेवर उचलून घरी आणायचं ठरवलं. त्यासाठी बस येणार आहे म्हणे. बस जरूर येईल, उद्घाटनाला तर नक्कीच. मग श्रावणात ओढा भरेल, ठेकेदाराचं बिल थकेल, आणि पहिलीतलं पोर ओल्या दप्तरासह फाट्यावर उभं राहील. पोरगं दोन-चार दिवसांनी मोठ्या भावाच्या सायकलवरून जाईल. पोरीला धाकटं भावंड सांभाळायला घरी ठेवतील.

पालकच मुलं काढून नेतात, त्याला सरकार काय करणार, असंही विचारलं जातं. नेतात खरे. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा करून परवानग्यांची दारं सरकारनंच उघडली. आता पिवळी व्हॅन पाड्यापर्यंत येते आणि टाय लावलेलं पोर उचलून नेते. गंमत त्याच्यापुढची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच सरकारनं ठरवलं की किलोमीटरभरात सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेनं गरिबांच्या पंचवीस टक्के जागा भरायची गरज नाही. जुलैत उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. म्हणजे सप्टेंबरात जी शाळा चालवायला परवडत नव्हती, तीच फेब्रुवारीत गरिबाच्या लेकराला पुरेशी ठरली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेची इतकी तारीफ तिच्या शिक्षकांनीही कधी ऐकली नसेल.

मतदान केंद्रांच्या समायोजनात मात्र एक अडचण आहे. वाड्यावस्त्यांवरची बहुतेक केंद्रं भरतात याच शाळांत. तेव्हा पोरं गेली तरी इमारत राखावी लागेल. निवडणूक लागली की कुलूप निघेल, नळाला पाणी येईल, रॅम्पला सिमेंट लागेल, दिवे लागतील. समायोजित झालेले गुरुजीही हजर होतील, केंद्राध्यक्ष म्हणून. ते भिंतीवरच्या बाराखडीवर केंद्राचा क्रमांक चिकटवतील आणि पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे मुडपून, पट मोजायला बसतील.