जिना कोणी पुसायचा?

मुंबई आणि जर्मनीतलं स्टुटगार्ट ही 1968पासून भगिनी शहरं आहेत. एक बहीण गडगंज घरात पडावी आणि दुसरीने वडापाववर संसार रेटावा, तसं हे नातं. त्यामुळे आमच्यासारखा दोघींकडे राहून आलेला माणूस भेटला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला : "मग, कुठे बरं वाटलं?"

संयुक्त राष्ट्रांनी याचं उत्तर कधीच काढून ठेवलंय. त्यांच्या मानव विकास निर्देशांकात, 2025च्या अहवालानुसार, जर्मनी पाचव्या क्रमांकावर आणि भारत 130व्या. त्यासाठी आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मोजतात. रात्री अकरा वाजता आमच्या मुलुंडच्या गल्लीत मिळणारी कोथिंबीर मोजत नाहीत. (भाजीवर ती फुकट मिळायची तो काळ गेला, पण मिळते तरी.) स्टुटगार्टला शनिवारी रात्री मीठ संपलं की सोमवारपर्यंत अळणी खायचं, नाहीतर रेल्वे स्टेशन गाठायचं. रविवारी दुकानं बंद. रविवारच्या विश्रांतीचं कलम 1919च्या राज्यघटनेत होतं, ते 1949च्या घटनेतही तसंच उचलून घेतलंय. त्या दिवशी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, रिकाम्या बाटल्या काचेच्या डब्यात टाकून खळखळाट करायचा नाही. लेकीकडच्या पहिल्याच रविवारी ही खिडकीतून बाहेर बघत हळूच म्हणाली, "अहो, इथे कुणी गेलंय का?" आमच्याकडे वरच्या मजल्यावरच्यांच्या ड्रिलला रविवारचाच मुहूर्त लागतो.

जर्मन शिस्तीचा धसका घेऊन जाणाऱ्यांना मी आधी स्टुटगार्टचं स्टेशन बघायला सांगतो. त्याचं नवं बांधकाम 2010 साली सुरू झालं, 2019ला उघडणार असं सांगितलं होतं आणि पुढच्या तारखा लोकांनी मनावर घेणं सोडून दिलं. पत्रे, कुंपणं, लांबच लांब वळसे. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. गाड्यांचंही तेच. 2024 साली लांब पल्ल्याच्या जेमतेम बासष्ट टक्के गाड्या वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीर धरतच नाहीत. आमच्या ठाणे लोकलला सहा मिनिटं उशीर झाला तर अर्ध्या फलाटाचं रक्त तापतं. पण मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, हे आम्ही तुलनेत कधी धरत नाही. तिकडे माणूस उशिरा पोचतो, पण पोचतो.

खरी ठिणगी पडली ती जिन्यावरून. त्या भागात 'केरवोखं' म्हणून एक प्रकार आहे. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा, दाराबाहेरचं अंगण लोटायचं. पाळी आली की दारावर पाटी लटकते. कोलंबस भारत शोधायला निघाला त्या 1492 साली स्टुटगार्टच्या शहर-कायद्यात दर आठवड्याला आपली घाण बाहेर न्यायचं कलम होतं म्हणे, इतकी जुनी ही खोड. तर पाटी आमच्या लेकीच्या दारावर आली. इंजिनिअर पोरगी गुडघ्यावर बसून पायऱ्यांचे कोपरे पुसतेय, आणि खालच्या मजल्यावरच्या आजीबाई कठड्यावरून बोट फिरवून ते उजेडात धरून बघतायत. बोट स्वच्छ निघालं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. शाबासकी ती तेवढीच. हिच्या डोळ्यांत मात्र पाणी. "मुलुंडला कधी हातात झाडू धरला नाही गं पोरीने!"

धरला नाही, कारण तो धरायला आमच्याकडे बाई येतात. नातेवाइकांत 'तिकडे सगळं आपलं आपल्याला करावं लागतं' हे वाक्य जर्मनीवरच्या सगळ्यात मोठ्या आरोपासारखं म्हणतात. तिथे बाई का परवडत नाही, तर किमान वेतन 2026पासून तासाला 13.90 युरो झालंय आणि वर्षाला किमान चार आठवडे भरपगारी रजा कायद्याने द्यावी लागते. म्हणजे घरवाल्यांना परवडत नाही, कारण बाईला परवडायला हवं. आमचं मुलुंडचं सुख इस्त्रीवाला, वॉचमन, पाठीवर भलीमोठी पिशवी घेऊन जिने चढणारा पोरगा आणि बाई यांच्या रविवारांवर उभं आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. सोसायटीत मात्र बाई एक दिवस आल्या नाहीत की त्यांनी 'दांडी मारली', आणि साहेब ऑफिसला गेले नाहीत की ते 'रजेवर'. त्यामुळे कुठे बरं वाटलं असं कुणी विचारलं, तर मी आधी कुणाला, असं विचारतो. मला मुलुंडला. आमच्या बाईंना बहुधा स्टुटगार्टला वाटलं असतं.

परत आल्यावर हिनेच बाईंना रविवारची सुट्टी दिली, पगार न कापता. त्या दिवशीची भांडी माझ्याकडे आहेत आणि कढईच्या बुडाची तपासणी त्या जर्मन आजीबाईंपेक्षा कडक होते. सोसायटीत आमच्यावर 'हे लोक सवयी बिघडवतात' असा ठपका आलाय. तुम्हीही बिघडवून बघा. सोमवारी बाई वेळेवर येतात.