पाऊस तुरळक, मतं सर्वदूर

पुणे आणि परिसराचा येत्या आठवड्याचा अंदाज असा : सकाळी आकाश निरभ्र, दुपारनंतर अंशतः ढगाळ, कमाल तापमान ३९ ते ४१ अंश, तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह वळवाच्या सरी, शुक्रवारी जोर जास्त. हा अंदाज मी वेधशाळेला न विचारता दिला आहे. चैत्रात पुण्यात बसून तो कुणालाही देता येतो, आणि ऐकणारा तो चुकला असंही कधीही म्हणू शकतो.

कारण ‘तुरळक’. हवामान खात्याच्या हिशेबात एखाद्या विभागातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस झाला, की तो तुरळक. म्हणजे बाकीचे कोरडे राहणार हे खात्याने आधीच सांगून ठेवलेलं असतं. पण पुणेकराची ठाम समजूत अशी, की अंदाज आपल्या गच्चीपुरता काढलेला आहे. कात्रजला रस्त्यावरून लोंढे वाहिले आणि कोथरूडला चार थेंब पडले, तर कोथरूडकर म्हणतो, ‘‘कुठाय तुमचा पाऊस?’’ आणि कात्रजकर म्हणतो, ‘‘एवढा येणार होता, तर आधी सांगायला काय झालं होतं?’’ वळवाचा ढग जेमतेम काही किलोमीटरचा. दिवसभर तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळते, समुद्राकडून आलेलं बाष्प तिच्या हाती लागतं आणि तासाभरात सगळा कारभार आटोपतो. एवढ्या वेळात पेठांच्या हद्दी समजून घेणं त्याला जमत नाही.

खरं तर वेधशाळेला नावं ठेवण्याचा अधिकार या गावाला सर्वांत कमी. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. १९४४ मध्ये ते दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या त्या वास्तूला आपण आजही सिमला ऑफिस म्हणतो. भर दुपारी त्या चौकात सिग्नलला उभं राहून ‘सिमला’ हा शब्द उच्चारायला वेगळंच धैर्य लागतं.

सिग्नलवरून आठवलं. एरवी पुढचं चाक झेब्रा क्रॉसिंगच्या पार नेऊन ठेवणारा दुचाकीस्वार एप्रिलमध्ये तीस-चाळीस फूट मागेच, रस्त्याकडेच्या झाडाच्या सावलीत थांबतो. त्या सावलीत स्कूटर, रिक्षा, डिलिव्हरीवाला आणि डोळ्यांखालपर्यंत ओढणी गुंडाळलेली मुलगी असे सगळे दाटीवाटीने उभे. पुढे झेब्रा क्रॉसिंग मोकळं. आकडा पाचवर आला, की सगळे एकदम सुटतात. दंडाला आणि कॅमेऱ्यांना न जमलेली शिस्त एका झाडाने लावली. सबब ते झाड रस्तारुंदीत जाणार.

पेपरात छापून येणारं तापमानही सावलीतलंच. झडपांची पांढरी पेटी, मोकळ्या जागी, माणसाच्या छातीच्या उंचीवर, आत तापमापक. तिच्यावर ऊन पडतं, तिच्यात पडत नाही. ही सोय डांबरावर उभ्या असलेल्या माणसाला नाही. शिवाय उष्णतेची लाट जाहीर व्हायची, तर सपाट प्रदेशात पारा निदान ४० हवा आणि सरासरीच्या साडेचार अंश वर हवा. पुण्याची एप्रिलची सरासरी ३८ च्या आसपास. म्हणजे ४१ अंशांना पुण्यात लाट येत नाही, नुसतं ऊन लागतं. आमच्या सोसायटीत अकोल्याचे एक गृहस्थ राहतात, त्यांना तेही मान्य नाही. ‘‘याले ऊन म्हन्ता का तुमी?’’ एवढं विचारून ते छत्रीशिवाय दूध आणायला जातात.

आता वारानिहाय. सोमवार ते बुधवार लग्नतिथी दाट आहेत. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, स्थळ अमुक तमुक लॉन्स, नवरदेव मखमली शेरवानीत. अक्षता पडायच्या आधी आमदारांची वाट पाहिली जाईल. ते आल्यावर माजी आमदारांची पाहिली जाईल. मग शुभाशीर्वादपर दोन शब्द, जे कधीही दोन नसतात. तोवर मंडपाच्या कडेला एक आजोबा घेरी येऊन बसतील आणि कुणीतरी कांदा शोधायला धावेल.

हे हसण्यावारी न्यायचं नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला. लाखो माणसं उघड्यावर बसली होती. उष्माघाताने १४ जण गेले. एप्रिलमध्ये दुपारी ऊन असतं, हे कळायला उपग्रह सोडावा लागत नाही.

गुरुवारी पाणी बंद. अधिक माहितीची आवश्यकता नाही.

शुक्रवारी गारा. पुण्यात त्यांचे व्हिडिओ निघतील. नाशिककडे शेतात काढून ठेवलेला कांदा भिजेल आणि तासगावकडे शेडवरचा बेदाणा काळा पडेल. पाषाणच्या संस्थेने केलेलं ‘दामिनी’ नावाचं ॲप वीज कोसळण्याचा इशारा मोबाइलवर देतं. तो मोबाइल त्या वेळी झाडाखाली उभ्या असलेल्या आपल्याच हातात, पावसाचं चित्रीकरण करत असतो. शनिवारी बांधावर दौरे, पांढरे कपडे, ‘कुणालाही वाऱ्यावर सोडणार नाही’. रविवारी पंचनाम्याचे आदेश. आदेश तलाठ्यापर्यंत पोहोचेतो गारा वितळलेल्या, म्हणून पुरावा म्हणून त्यांचे फोटो मागितले जातील. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात दिवसांमागून दिवस गारपीट झाली, तेव्हापासून दर उन्हाळ्यात ही गोष्ट ‘अनपेक्षित’ असते. इशारा आदल्या दिवशी आलेला असतो, पिवळा किंवा नारिंगी. रंग पाहून आपण तो पुढच्या ग्रुपवर पाठवतो.

या शहरात अंदाज वाचून त्याप्रमाणे वागणारा वर्ग मला एकच माहीत आहे : कुरडया करणाऱ्या बायका. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा आणि पाचव्या पहाटे शिजवून सोऱ्याने घालायचा. त्या दिवशी कडक ऊन नसेल, तर सगळा घाट आंबला. म्हणजे पाचव्या दिवसाचं आभाळ आधीच ओळखल्याशिवाय गव्हाला पाणी लावता येत नाही. शेजारच्या काकू त्यासाठी वेधशाळेचं पत्रक वाचतात, ‘तुरळक’वर बोट ठेवतात, गच्चीत जाऊन वारा पाहतात आणि मगच डबा उघडतात. आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीत त्यांना अजून कुणी बोलावलेलं नाही.

तर वाचकहो, गहू सोमवारी भिजत घालू नका. चीक शिजवायची पहाट शुक्रवारी येते, आणि शुक्रवार ढगाळ आहे.