गप्पी पाळण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रथम घरात ‘फक्त दोनच आणू’ असे जाहीर करावे. गप्पी पाळणारा प्रत्येकजण हे म्हणतो. तो विधीचाच भाग आहे.

नावाचा गप्पांशी संबंध नाही. लेचमेअर गप्पी नावाच्या गृहस्थांनी त्रिनिदादहून हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि 1866 साली तिथल्या गुंथरसाहेबांनी माशाला त्यांचे नाव दिले. पण पीटर्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1859 मध्येच व्हेनेझुएलाच्या माशांवरून याचे बारसे उरकले होते. कागदोपत्री पीटर्स जिंकले, दुकानात गप्पी.

दुकानात नर ओळखायला चष्मा लागत नाही. वरातीतल्या मेव्हण्यासारखा नटलेला, जेमतेम इंच-सव्वा इंचाचा आणि सतत कुणाच्या तरी मागे. मादी त्याच्याहून बरीच मोठी, मातकट रंगाची, पोटाच्या मागच्या टोकाला काळसर डाग असलेली. डाग गडद झाला आणि पोट खोक्यासारखे चौकोनी दिसू लागले की पाहुणे येणार हे समजावे.

हुशार माणसे इथे युक्ती लढवतात: नुसती मादीच आणतात. मीही आणली. नर नाही, म्हणजे प्रश्नच नाही! तिसऱ्या रविवारी सकाळी चहा घेताना काचेपाशी पापणीच्या केसाएवढे काहीतरी हलले. त्याला दोन डोळे होते. मोजता मोजता तेवीसवर थांबलो, कारण ती हलत होती आणि चहा गार होत होता. मागाहून कळले, की मादी नराचे शुक्राणू महिनोन्‌महिने पोटात जपून ठेवते आणि त्या शिदोरीवर एकामागून एक वेते काढते. अंडी बाहेर घालायची पद्धत या घराण्यात नाही. ती पोटातच फुटतात आणि पिल्लू जन्मतःच पोहत सुटते. त्याला घाई असते. आई वळून त्यालाच खाते.

म्हणून टाकीत दाट पाणवनस्पती ठेवावी. संख्या आटोक्यात हवी असेल तर ठेवू नये. हा सल्ला क्रूर आहे याची मला कल्पना आहे. तेवीस पिल्ले तीन महिन्यांच्या आत स्वतः संसाराला लागतात, याचीही आहे.

रंगाची हौस असेल तर शत्रू दूर ठेवावा. जॉन एंडलर यांनी 1976 मध्ये त्रिनिदादच्या एका ओढ्यातले, शिकारी माशांच्या धाकात जगणारे गप्पी धाक नसलेल्या भागात नेऊन सोडले. दोनेक वर्षांत तिथले नर भडक झाले. मिरवण्याला माद्या भाळतात, पण शिकाऱ्यालाही तेच दिसते. आमच्याकडे मांजर नाही. त्यामुळे नर फारच शेफारले आहेत.

आता वाटपाकडे वळू. गप्पी डासांच्या अळ्या खातो, म्हणूनच आरोग्य खाते त्याला पाण्याच्या टाक्यांत सोडते. सोसायटीतला कारंज्याचा बंद हौद ही उत्तम जागा. नदी, ओढा, तलाव मात्र वर्ज्य. तिथे तो अळ्यांवर थांबत नाही, गावच्या माशांची अंडी-पिल्लेही फस्त करतो.

सध्या माझ्याकडे दोन टाक्या, एक बादली आणि जुना कुकर भरलेला आहे. शनिवारी संध्याकाळी मी घरीच असतो. झाकणाचा डबा आपला आणावा.