हात दाखवून अवलक्षण

कालामाताला फ्लॅट घेतल्यापासून आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ दोन्ही हात खिशात घालून फिरतात. (कालामाता हे देवस्थान नव्हे. ग्रीसच्या दक्षिणेकडचं, ऑलिव्हसाठी नावाजलेलं शहर आहे.) लिफ्टमध्ये भेटले तर नुसती मान हलवतात. टाटा बंद. वॉचमनला गेट उघडायची खूण भुवया उडवून करतात, आणि गेट उघडत नाही. ग्रीसमध्ये भुवया वर करणं म्हणजे 'नाही', त्यामुळे वॉचमनचं काहीच चुकत नाही. पण तो धडा पुढच्या शनिवारी आहे.

शनिवारी ऑनलाइन शिकवणी असते. परक्या संस्कृतीशी जुळवून कसं घ्यावं, याची. पहिल्याच तासाला बाईंनी सांगितलं की तिकडे कुणालाही उघडा पंजा दाखवायचा नाही. बोटं फाकवून तळवा समोरच्याच्या तोंडाकडे केला की झाला 'मुत्झा', म्हणजे शिवी. पंजा तोंडाच्या जितका जवळ, तितकी ती झणझणीत. एका हातानं समाधान झालं नाही तर त्याच्या पाठीवर दुसरा पंजा आपटायचा, म्हणजे दुप्पट. याचं मूळ बायझंटाइन काळात सांगतात : गुन्हेगाराच्या तोंडाला काजळी फासायची आणि गाढवावर बसवून गावभर धिंड काढायची. ती काजळी फासणारा पंजा शिल्लक राहिला, गाढव गेलं.

तोंडाला काळं आणि गाढवावरून धिंड! हे समजून घ्यायला मराठी माणसानं युरोत फी भरावी? आपल्याकडे हा इतिहास नाही, चालू कार्यक्रम आहे. ग्रीक लोक निदान काजळीचा खर्च वाचवतात. 2011 साली आर्थिक संकटात पोळलेले हजारो लोक अथेन्सच्या सिंटाग्मा चौकात जमून सत्ताधाऱ्यांच्या दिशेनं एकदम पंजे उगारत. ना बस फुटली, ना टायर जळला असं नव्हे, तेही झालंच. पण पंजाचा कार्यक्रम स्वच्छ होता.

आता गंमत ऐका. घर घेऊन राहण्याचा परवाना देणारी ग्रीसची ही योजना 2013 ची. तेव्हा अडीच लाख युरोत काम भागत होतं. 2024 पासून अथेन्स, थेसालोनिकी आणि नावाजलेल्या बेटांवर आठ लाख लागतात, इतरत्र चार. म्हणून कालामाता. आपल्याकडून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर नेता येतात, तेव्हा नवरा-बायकोची मर्यादा जोडून कसंबसं जमलं आणि वरखर्चाला सासूबाईंचं पॅन कार्ड कामी आलं. परवाना पाच वर्षांचा. आणि तो टिकवायला ग्रीसमध्ये किती दिवस राहावं लागतं? एकही नाही. घर विकू नका, म्हणजे झालं. नागरिकत्व हवं असेल तर मात्र सात वर्षं खरोखर राहून ग्रीक भाषेत परीक्षा द्यायची. ते यांना नकोच आहे. म्हणजे ज्या ग्रीक शेजाऱ्याचा अपमान होऊ नये म्हणून हात खिशात कोंबलेत, तो शेजारी यांना दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर दिसणार, तोही तिकिटं स्वस्त मिळाली तर.

पण तयारी म्हणजे तयारी. गृहस्थांनी घरातले सगळे पंजे हुडकून काढले. पाच कॉफी मागवताना तळवा आपल्याकडे वळवायचा, हे पाठ झालं. नातवाचं 'हाय फाइव्ह' बंद झालं. मग दारावरच्या गणपतीकडे लक्ष गेलं. त्याचा उजवा हात आशीर्वादाचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला मुत्झा. तिकडे तो आतल्या बाजूला तोंड करून लावावा, असं यांनी सुचवलं. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तो दिवसभर आपल्यालाच दाखवणार!" प्रश्न शिकवणीत गेला. बाईंनी वेळ मागून घेतला. तोवर गृहस्थांना नवी शंका आली : आरती घेतो तेव्हा आपण दोन्ही तळवे ज्योतीवरून फिरवून स्वतःच्याच तोंडाकडे नेतो. ग्रीक हिशेबानं हा मुत्झा दुहेरी, आणि तोही स्वतःला. ग्रीक माणूस स्वतःला मुत्झा करतो हे खरं, पण मूर्खपणाचा एखादा व्यवहार अंगाशी आल्यावर. वहिनी फ्लॅटच्या कागदपत्रांकडे पाहून म्हणाल्या, "मग आरती राहू द्या, उपयोगी पडेल."

आम्ही त्यांना सहज विचारलं, "अहो, मग गाडी चालवताना हाताचं काय करता?"

"इथे चालतं हो!" ते म्हणाले.

इथे चालतं! गेली कित्येक वर्षं हे गृहस्थ सोसायटीच्या गेटमधून निघून पेट्रोल पंपापर्यंत उलट्या दिशेनं गाडी नेतात, कारण पुढून वळून यायचं तर अर्धा किलोमीटर जास्त पडतं. समोरून येणाऱ्यानं ब्रेक दाबला की खिडकीतून पंजा बाहेर येतो. तो पंजा विनंती करत नाही, माफी मागत नाही. 'मी घुसलोय, आता तू बघ' एवढं कळवतो. शहरात सिग्नल, पट्टे, दुभाजक, हवालदार या सगळ्यांच्या जागी आता हा एकच पंजा उरला आहे. डावीकडून उजवीकडे तिरपं जायचंय? पंजा. चौकाच्या मधोमध थांबून फोन घ्यायचाय? पंजा. ॲम्ब्युलन्सच्या पुढे निसटायचंय? पंजा, आणि वर ओशाळं हसू. गाडीत इंडिकेटर आहे, किमतीतच दिलेला आहे, पण वापरला तर झिजतो. पायी चालणाऱ्याच्या हाताबद्दल आमचं काही म्हणणं नाही. त्या बिचाऱ्यानं एका मुठीत जीव धरलेला असतो, दुसरा पंजा तो उघडणारच. पण एसी लावून काचेआड बसलेल्या माणसाचा पंजा पाहिला की आमच्या डोक्यात तिडीक जाते. या माणसाला शिकता येत नाही, असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो. त्याला सगळं शिकता येतं! चारेक कोटी मोजले की तळवा कुठल्या कोनात ठेवायचा इथपर्यंत शिकता येतं. कालामाताच्या अनोळखी खाटकाच्या भावना जपायला तो शनिवारची दुपारची झोप सोडतो. इथे रोज ज्याच्या स्कूटरवर गाडी घालतो, त्या दुधवाल्याच्या भावनांचा क्लास कुणी काढला नाही, एवढंच.

उद्या एखादा ग्रीक पाहुणा संध्याकाळी सातला आमच्या चौकात उभा राहिला तर त्याला काय दिसेल? रिक्षावाला टेम्पोला, टेम्पो बसला, बस शाळकरी पोराला, प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडासमोर पंजा नाचवतोय. त्याला वाटेल, हे अख्खं शहर एकमेकांच्या तोंडाला काळं फासतंय. चौकातल्या इतक्या गर्दीत परिस्थितीचा अचूक अंदाज आलेला तो एकटाच असेल.