अभिमन्यू गजराजांना एका होतकरू स्कूलबस ड्रायव्हरचे पत्र

श्री. अभिमन्यू गजराज यांस,
कायमचा पत्ता : मत्तिगोडू हत्ती कॅम्प, जि. कोडगू
दसऱ्यातला मुक्काम : राजवाड्याचे आवार, म्हैसूर

साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपली ओळख नाही. आमचं मूळ गाव विट्याकडचं. आजोबा गलाईच्या धंद्यापायी इकडे आले आणि अशोका रोडच्या सोनारांचं सोनं गाळता गाळता म्हैसूरचेच झाले. मला काही ती भट्टी मानवली नाही. मी हेवी लायसन्सच्या मागे लागलो आहे. मनात एकच आहे, पिवळी स्कूलबस चालवायची.

धंद्याच्या दृष्टीने आपण एका पेशातले. तुम्ही चामुंडेश्वरीची मूर्ती ७५० किलोच्या अंबारीतून राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत सुखरूप पोचवायची, मी कुवेंपुनगरची पोरं शाळेच्या फाटकापर्यंत. (७५० किलो ऐकून आमच्या गलाईवाल्यांचे डोळे चमकतात. आत लाकडाचा सांगाडा आहे, सोन्याचा फक्त पत्रा, असं सांगितलं की जेवायला बसतात.) मग तयारीत एवढा फरक का, हे विचारायला हे पत्र.

तुम्ही दसऱ्याच्या बरेच आठवडे आधी येता. आल्याआल्या वजनकाट्यावर नेतात, पशुवैद्य तपासतात, खुराक ठरतो. रोज त्याच रस्त्याने चालवतात. मग पाठीवर वाळूची पोती चढतात. आधी थोडी, मग जास्त, मग लाकडी अंबारी. पुढे तोफांची तालीम. ऐन मिरवणुकीत आवाजाला बिचकू नये म्हणून तोफा तुमच्यादेखत उडवतात, आणि जो हत्ती दचकतो त्याला पुन्हा ऐकवतात. एवढं करून मिरवणूक वर्षातून एकदा. साठी झाली की अंबारी खाली. तुमच्याआधीच्या अर्जुन हत्तीची उतरवली तशी.

आता माझं ऐका. प्रवासी वाहनासाठी वय वीस पूर्ण हवं, ते आहे. लाइट गाडीचं लायसन्स एक वर्ष जुनं हवं, तेही आहे. आठवी पासची अट २०१९ मध्ये सरकारने काढली, त्यामुळे शिक्षणाच्या बाबतीत तुम्ही-आम्ही सारखे झालो. मेडिकलच्या फॉर्मवर विचारलंय, २५ मीटरवरून गाडीचा नंबर वाचता येतो का? डॉक्टरांनी टेबलापलीकडून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ‘हो’ लिहून शिक्का मारला. त्यांची नजर चांगली असणार.

हेवी ट्रेनिंग नियमाने किमान तीस दिवसांचं. उस्ताद कन्नडमधून एकच मंत्र म्हणतात, ‘निधान, निधान’, म्हणजे दमानं घ्या. माणूस सोन्यासारखा. पण गाडी सदैव रिकामी. रिकाम्या बसचा ब्रेक कसाही लागतो. भरल्या बसचा कुठे लागेल हे त्यांनाही तोंडीच सांगावं लागतं. परीक्षेतही तेच, रिकामी बस रिव्हर्स घ्यायची, चढावर थांबवून पुन्हा उचलायची. इन्स्पेक्टर साहेब खूश, मी खूश, आणि मागच्या सीटवर कोणीही नाही.

एकदा मी पुतणीला दप्तरासकट बसच्या पुढे, अगदी बंपरला चिकटून उभं केलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसलो. दप्तर दिसेना, रिबीन दिसेना, वर केलेल्या हाताची तेवढी बोटं दिसली. खाली वाकून बाटली उचलायला सांगितलं तर तीही गेली. आरशाची जागा बदलली तेव्हा कुठे अर्धी पोर दिसली. हा धडा अभ्यासक्रमात मला कोणी दिला नाही, चाचणीत विचारला नाही. तिथे लाल सिग्नलचा अर्थ विचारतात.

एवढ्यावर लगेच स्कूलबस मिळत नाही, हे मात्र चांगलं आहे. १९९७ साली दिल्लीत एक शाळेची बस यमुनेत कोसळली, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शर्ती घातल्या. ड्रायव्हरला अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. सिग्नल तोडणे, लेन मोडणे यासाठी वर्षात दोनदाहून जास्त चलान झालं की बाद. वेगासाठी किंवा दारूसाठी एकदा जरी झालं तरी बाद. यावर विनोद करायची माझी छाती नाही.

पण ती पाच वर्षं काढायची कुठे? लॉरीवर. मंड्याचा ऊस, नाहीतर वाळू. म्हणजे वाळू तुमच्याही नशिबी, माझ्याही. फरक इतकाच की तुमच्या वाळूला दसऱ्याची दिशा आहे. माझी वाळू खिडकीतून हात बाहेर काढत नाही, मागच्याच्या डब्यातली चटणी सांडत नाही, वळणावर ओकत नाही, ‘अंकल, माझं दप्तर राहिलं’ म्हणून चालत्या बसमध्ये दाराकडे धावत नाही. पाच वर्षं वाळू वाहून माणूस पोरांसाठी तयार होतो, असं कायद्याला वाटतं. तुमच्या बाबतीत वनखात्याला तसं वाटत नाही, म्हणून वाळूनंतर तोफ ठेवली आहे.

आणि हे सगळं बसचं झालं. शहरातली कितीतरी पोरं ओम्नीतून आणि रिक्षातून जातात. तिथे पाच वर्षांची लॉरी कुणी मागत नाही. शिवाय मूल बारा वर्षांखालचं असलं तर सीटच्या दीडपट बसवायला नियमच मुभा देतो, म्हणजे कायद्याच्या काट्यावर एक पोर भरतं दोन-तृतीयांश प्रवासी. गलाईवाल्याच्या घरात वाढलो, पण इतकी बारीक घट आम्हीही कधी काढली नाही. तुमच्या माहुतांच्या मुलांची शाळा राजवाड्याच्या आवारातच तंबूत भरते, तुम्हाला ही कटकट नाही.

तुमच्यासोबत माहूत आणि त्याचा मदतनीस कावाडी असे दोघे असतात. माझ्या बसमध्येही अटेंडंट हवा असं नियम सांगतो. पुष्कळ ठिकाणी तो हजेरीपटावर रोज येतो. ड्रायव्हरचं म्हणाल तर सकाळची शाळा सोडली की तीच बस कारखान्याच्या शिफ्टला, दुपारी पुन्हा शाळा, रात्री लग्नाचं वऱ्हाड. खुराक म्हणजे चहा आणि बन. तुम्हाला गूळ-नारळ देतात हे ऐकून आहे.

तुमचा सरकार-दरबारी शब्द चालतो. अंबारी मिळण्याआधी तुम्हीही काही दसरे पोलिस बँडची गाडी ओढलीत, तेव्हा माझी अडचण तुम्हाला समजेल. विनंती मोठी नाही. तुमची तालीम संपली की ती वाळूची पोती परिवहन खात्याकडे पाठवायला सांगा. दर सीटला एकेक पोतं बांधून चाचणी घ्या म्हणावं. आवाजासाठी तोफ नको. कुठल्याही शाळेची मधली सुट्टी पुरेल, आणि फुकट.

आपला नम्र,
एक लर्निंगवाला

ता. क. वडील विचारतात, अंबारीच्या पत्र्याचा कस शेवटचा कोणी पाहिला? वितळवायचं नाही म्हणतात, नुसता बघतील.