सासुरवाडीचा वनस्पतिशास्त्रज्ञ

बॉटनीत बीएस्सी करून बँकेत कॅशिअर झालेल्या माणसाला नातेवाईक कधी सोडत नाहीत. तुळशीवर मावा पडला, फोन. गच्चीवरची जास्वंद रुसली, फोन. परवाचा तर थेट हिमालयातून आला. नाशिकचा माणूस पन्नाशीला टेकला की एकतर द्राक्षबाग घेतो नाहीतर ट्रेकला लागतो. आमच्या मेहुण्यांनी द्राक्षांचे भाव बघून हिमालय निवडला.

त्यांनी पाठवलेल्या फोटोत झाडांची हद्द संपल्यानंतरचं खुरटं माळरान होतं. हिरव्या शेवाळात पांढरीशुभ्र, टोकाला निमुळती बारीक नळकांडी पसरलेली. वाळवणाच्या शेवया कुणाच्या हातून सांडाव्यात तशी. खाली मजकूर : ‘दाजी, हे काय? लवकर सांगा, इथे बाकीचे अळ्या म्हणताहेत.’

मी चष्मा शोधेपर्यंत सासुरवाडीच्या ग्रुपवर निकाल लागले होते. मावशींनी ‘बुरशी आहे, हात साबणाने धू’ असं फर्मान काढलं. साडूंनी ‘मुळं’ म्हटलं आणि वर आयुर्वेदातला एक उपयोगही चिकटवला. भाच्याच्या अ‍ॅपने प्रवाळ सांगितलं. शेवटी सासूबाई टाइप करत्या झाल्या : ‘आपलं दगडफूल असेल.’

आता गंमत अशी, की नेम सगळ्यात जवळ बसला तो सासूबाईंचा. दगडफूल म्हणजे लायकेनच, पुस्तकी मराठीत शैवाक. रविवार कारंज्यावरून उन्हाळ्यात काळ्या मसाल्यासाठी जी करडी, कुरळी, खालून काळपट पापुद्र्यांची पुडी आपण आणतो, त्यातला बराच माल हिमालयातल्या झाडांच्या सालीवरून खरवडलेला असतो. आणि लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र बिऱ्हाड : बुरशी आसरा देते, शैवाल उन्हात अन्न तयार करतं. म्हणजे मावशीही निम्म्या बरोबर. (हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. मावशी निम्म्यावर थांबत नाहीत.) श्वेंडेनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने 1860च्या दशकात हे पहिल्यांदा मांडलं, तेव्हा लायकेनवाले विद्वान असे खवळले, की आमचा ग्रुप त्यापुढे सत्संग वाटावा.

फोटोतला प्राणी मात्र मसाल्याचा नव्हता. तो थॅम्नोलिया. जमिनीवर नुसता पडून राहणारा, आतून पोकळ, आर्क्टिकपासून अँडीजपर्यंत उंच थंड जागी सापडणारा. आपलं कळसूबाई 1646 मीटर, साल्हेर 1567. तिथे त्याचा निभाव लागायचा नाही. बीजाणूंची भानगड त्याला सहसा परवडत नाही. तुकडा मोडतो, तो दुसरीकडे जाऊन वाढतो. चीनमध्ये त्याचा चहासुद्धा करतात. हेही मी दडवलं, कारण मेहुणे काहीही उकळून पितात.

‘थॅम्नोलिया’ एवढं कळवून मी सुटलो असतो. पण मेहुणे एलआयसीत आहेत, अर्धवट भरलेला फॉर्म त्यांना चालत नाही. ‘आडनाव कळलं दाजी, नाव सांगा.’

इथे खरी पंचाईत. याच्या दोन जाती मानत आले, व्हर्मिक्युलॅरिस आणि सब्युलिफॉर्मिस, आणि नुसत्या डोळ्यांना दोघी सारख्याच. फरक आतल्या आम्लांत. कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला तर पहिली गडद पिवळी होते, दुसरी जेमतेम फिकट. असे थेंब टाकून लायकेन ओळखायची युक्ती नायलँडरने 1866 मध्ये काढली आणि अजून तीच चालते. अतिनील दिव्याखाली दुसरी चमकते, पहिली ढिम्म. आणि घाई नसेल तर तिसरा मार्ग आहे : नमुना कपाटात ठेवायचा आणि काही वर्षं वाट बघायची. पहिली हळूहळू गुलाबी पडते, दुसरी पांढरीच राहते. एवढं करूनही डीएनएवाल्यांनी अलीकडे या वाटणीवरच शंका काढली आहे. पुण्याच्या आघारकर संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि उर्मिला मखीजा, लखनौत डी. डी. अवस्थी यांनी हयात याच थेंबांत आणि सूक्ष्मदर्शकाखाली काढली. मला विचाराल तर फोटो बघून ठणकावून जात सांगणाऱ्यापेक्षा ‘नमुना हवा’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवावा. पण हे वाक्य ग्रुपवर फार होईल असं वाटतं.

‘मग मूठभर उपटून आणू का?’ मेहुणे.

‘अजिबात नाही. फार सावकाश वाढतं ते. आणि तिथे वनखातं आहे.’

यावर मेहुणे बराच वेळ ‘टायपिंग’ होते. मला वाटलं, पटलं. मग मेसेज आला :

‘दाजी, नोटा तपासायचा तो निळा टॉर्च आहे ना अजून तुमच्याकडे? फोटो पाठवलाय, त्याच्यावरच मारून बघा की.’